कनकराजूंची शुगर आणि एकशे एकवीस पदार्थ

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कनुमाला, सकाळी दहा वाजता अन्नपूर्णम्माची पांढरी गाडी दारात थांबली आणि ड्रायव्हरने सगळ्यांत आधी मागची डिकी उघडली. डिकी रिकामी होती. सणाला माहेरी येणारी बाई रिकाम्या डिकीने आली, असं आमच्या गोदावरीकाठी सहसा घडत नाही, त्यामुळे ओसरीवर बसलेल्यांनी एकदम माना उंच केल्या.

"अत्ता, काहीच आणलं नाहीस?" श्रावणीने विचारलं. लग्नानंतरची तिची ही पहिली संक्रांत होती आणि आत्याकडून निदान एक पातळ तरी येणार असा तिचा हिशेब होता.

"तुझ्या बापाचे कपडे ठेवायला जागा आणलीय," अन्नपूर्णम्मा चपला काढता काढता म्हणाली. "जेवणं झाली की चार वाजता मी कनकाला नरसापूरला घेऊन जाणार. तीन महिने. माझ्या घरात गोडाच्या डब्यांना कुलपं असतात."

कनकराजू तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे बासष्ट वर्षांचा. गेले आठ महिने त्यांची शुगर दोनशेच्या खाली यायला तयार नव्हती. राळ्याचा भात झाला, कारल्याचा रस झाला, सकाळ-संध्याकाळ कालव्याच्या कडेने चालणं झालं, गोळ्या एकाच्या दोन झाल्या. डाव्या डोळ्याला अंधुक दिसायला लागल्यावर भास्करम डॉक्टरांनी दंडावर एक सेन्सर चिकटवून दिला, चौदा दिवसांसाठी. आतली साखर फोनवर दिसायची, घटकेघटकेला. उद्या तो काढायचा आणि आकडे असेच राहिले तर परवापासून सुई, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

अन्नपूर्णम्माने निकाल त्याआधीच देऊन टाकला होता. इतकं पथ्य करून शुगर उतरत नाही, याचा अर्थ कुणीतरी चोरून खायला घालतंय. आणि त्या घरात पळी एकाच बाईच्या हातात होती.

ती बाई, कनकराजूंची बायको महालक्ष्मम्मा, त्या वेळी उडदाचे वडे तळत होती. पहाटे बिनसाखरेची कॉफी घेतली होती तेवढीच, पोटात दुसरं काही नव्हतं. घरचे, पाहुणे आणि मुख्य म्हणजे जावई जेवल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे. चौतीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही विशेष आहे असं तिला किंवा कुणालाच वाटत नव्हतं.

अन्नपूर्णम्मा स्वयंपाकघरात शिरली ती सरळ फळीकडे.

"वदिना, तो तिळाचा डबा आहे," महालक्ष्मम्मा म्हणाली. नणंद असो की वहिनी, आमच्याकडे दोघी वदिनाच.

"आणि तिळाखाली?"

"डब्याचा तळ."

अन्नपूर्णम्माने मनगटापर्यंत हात घालून तळ चाचपला. मग पोह्यांचा डबा, मग लाल मिरच्यांचा. मिरच्यांनी ती तीनदा शिंकली. "हे बघ महालक्ष्मी, मी तुला दोष देत नाही."

"डब्यात हात घालून कोण दोष देतं?"

"तुझा जीव आहे त्याच्यावर, म्हणून देत असशील एखादी गुळाची पूतरेकू मधूनच. पण जीव लावून माणूस आंधळा करायचा का?"

महालक्ष्मम्माला रडायला आलं असतं, पण समोर तेल तापलं होतं. ह्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं, आणि आता नवऱ्याला तिच्या हातच्या खाण्यापासून वाचवायला गाडीत घालून नेणार होते. तेही नव्या जावयासमोर, गल्लीतल्या बायका गच्चीवरून बघत असताना. तिने वडा उलटला आणि म्हणाली, "चार वाजायला अजून वेळ आहे वदिना. आधी जेवा."

*

पहिल्या संक्रांतीला जावयाला जेवू घालणं हे आमच्याकडे लग्न लावण्यापेक्षा मोठं काम. लग्नात काही राहून गेलं तर लोक विसरतात. समोरच्या घरी गेल्या वर्षी एकशे अठरा पदार्थ झाले होते, म्हणून इथे एकशे एकवीस होते, आणि ऋषीवर्मा त्या सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसला होता. हैदराबादला संगणकाच्या कंपनीत बसून काम करणारा हा सडपातळ मुलगा तीन दिवसांत इतका भरला होता की पँटचं बटण लागेना. आज त्याने सासऱ्याची लुंगी नेसली होती.

नियम एकच होता. प्रत्येक पदार्थ जिभेला लागला पाहिजे. वाढणारे हात चार होते आणि नाही म्हणणारं तोंड एक, तेही भरलेलं.

"जावईबापू, हे हरभऱ्याच्या डाळीचं राहिलं."

"अत्तय्या, ते मी मघाशीच..." ऋषी सासूला म्हणाला.

"मघाशी खाल्लंत ते मुगाचं."

शेजारी कनकराजू आपल्या पानावर राळ्याचा भात आणि कारल्याची भाजी घेऊन गप्प बसले होते. दोघांच्या मध्ये एका स्टुलावर ऋषीचा फोन तांब्याला टेकवून उभा केला होता आणि फोनवर कनकराजूंची शुगर चालू होती. पलीकडे आमराईतून कोंबड्यांच्या झुंजीचा गलका ऐकू येत होता, पण ह्या ओसरीवर त्याहून चुरशीचा सामना रंगला होता.

"एकशे छप्पन्न!" तातराजू ओरडला. हा कनकराजूंचा सगळ्यांत धाकटा भाऊ, पन्नाशीचा, पलीकडच्याच खोल्यांत राहणारा. "अन्नय्याचा पहिला घास पोटात. फलंदाज सावध आहे."

"चूप बस, तात्या," अन्नपूर्णम्मा म्हणाली. ती जेवत होती, पण नजर स्टुलावर होती.

तेवढ्यात कनकराजूंच्या सदऱ्याच्या खिशातून नादस्वरमची सनईसारखी धून वाजली. त्यांच्या कोळंबीच्या तळ्यांवरच्या राखणदाराचा फोन आला की हीच धून वाजायची, इतर कुणाला ती दिलेली नव्हती. कनकराजू भात तसाच टाकून उठले आणि खांबामागे गेले.

"वीरय्या, पंखे? चारही चालू? तिसऱ्याचा आवाज ऐकव. जवळ ने फोन. अजून जवळ." ते डोळे मिटून तळ्यातल्या पंख्याचा फडफडाट ऐकत राहिले. पाण्यात हवा मिसळणारे ते पंखे बंद पडले तर कोळंबी तासाभरात मरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "बरं. अर्ध्या तासाने परत कर."

ते येऊन बसले. पुन्हा राळे, पुन्हा कारलं. बाराएक मिनिटं गेली असतील.

"एकशे नव्वद," श्रावणी म्हणाली. "दोनशे चार. नान्ना, दोनशे बारा!"

ओसरीवर हाहाकार उडाला. अन्नपूर्णम्माने हात पुढे करून भावाच्या पानावरचं कारलंच उचललं आणि तोंडात टाकलं. तिला त्यात गूळ सापडायला हवा होता. आमच्याकडे कारल्यात गूळ घालतातच, त्यामुळे संशय काही अगदीच हवेतला नव्हता. पण ते कारलं असं कडू होतं की तिचे डोळे भरून आले.

"गूळ आहे?" तातराजूने विचारलं.

तिने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. फोन आडवा झाला.

"हे... हे औषध आहे का भाजी?" ती म्हणाली.

"आठ महिने जेवतोय मी हे," कनकराजू म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी घरच्यांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बरोबर अर्ध्या तासाने नादस्वरम पुन्हा वाजलं. खांब, वीरय्या, तिसरा पंखा, "आता तासाभराने कर." पानावर परत. आणि थोड्या वेळाने फोनवर दोनशे अडतीस. ह्या खेपेला त्यांनी मधे एक घासही घेतला नव्हता.

ऋषी एकशे चौथ्या पदार्थावर होता. त्याने सासूचा हात हलकेच बाजूला केला, फोन उचलला आणि बोटाने मागे मागे सरकवत तेरा दिवसांची रेघ सगळ्यांना दाखवली. रेघेवर टेकड्या होत्या. जेवणाच्या वेळच्या टेकड्या बसक्या. उंच टेकड्या भलत्याच वेळी.

"ही कधीची?" अन्नपूर्णम्माने बोट ठेवलं.

"रात्री दोन वाजताची."

"आणि ही?"

"पहाटे चार. रोजच आहे, अत्तागारू. रोज दोन आणि रोज चार."

अन्नपूर्णम्मा ताठ झाली. "मी म्हणत नव्हते? रात्री दोन वाजता! सगळं घर झोपल्यावर!" तिने भावजयीकडे पाहिलं. "बोल महालक्ष्मी. रात्री दोनला काय देतेस त्याला? अरिसेलु? लाडू?"

वाढणारे चारही हात थांबले. जावई पाहत होता, मुलगी पाहत होती, आणि महालक्ष्मम्माच्या हातात नेमकं पूतरेकूंचं ताट होतं. तुपागुळात माखलेल्या त्या कागदासारख्या घड्या ताटात ओळीने रचलेल्या होत्या.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. कनकराजू पानाकडे पाहत होते. मग तीच म्हणाली, "रात्री दोनला ते काही खात नाहीत. स्कूटर काढतात."

"काय?"

"दारापर्यंत हाताने ढकलत नेतात, मला जाग येऊ नये म्हणून. मग तळ्यावर जातात, पंखे बघतात, येतात. चारला परत जातात."

"तुला कसं माहीत? तू तर झोपलेली असतेस," कनकराजू पानाकडे बघतच म्हणाले.

"झोपलेली दिसते," महालक्ष्मम्मा म्हणाली आणि जावयाच्या पानावर एक पूतरेकू ठेवली.

*

अन्नपूर्णम्मा एवढ्याने हरणारी नव्हती. "स्कूटरवर बसून साखर वाढते? फोन वाजून वाढते? त्या फोनमध्ये काय गुळाची ढेप आहे?"

ऋषी ओशाळून म्हणाला, "भास्करम डॉक्टर सांगत होते, तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नाही. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. यकृतात साठवलेली साखर असते ती रक्तात सोडतं, पायांना बळ मिळावं म्हणून. पळून झालं की ती जळून जाते. पण मामय्या रोज रात्री दोनदा भितात आणि पळत नाहीत, स्कूटरवर जातात. त्यातून झोप नाही. झोप नसली की गोळीसुद्धा नीट काम करत नाही म्हणे."

"म्हणजे पथ्य नको?" कनकराजूंनी आशेने विचारलं.

"पथ्य पाहिजेच, मामय्या."

"हैदराबादची थिअरी," अन्नपूर्णम्मा म्हणाली. "मला डोळ्यांनी दाखव."

ते दाखवायचं ठरवलं तातराजूने, आणि कुणालाही न विचारता. हात धुऊन येतो म्हणून तो मागच्या दारी गेला तो आलाच नाही. इकडे पानं उचलली गेली. कनकराजूंनी अर्धा तास काही खाल्लं नाही, कुणी त्यांच्याशी बोललंही नाही, आणि आकडा हळूहळू एकशे एक्क्याऐंशीवर उतरला. ते ओसरीच्या बाकावर टेकून बसले होते आणि त्यांना किंचित पेंग येत होती.

नादस्वरम वाजलं.

पहिला सूर निघायच्या आत कनकराजू उभे होते. वेळ झालेली नव्हती. तास झालेला नाही आणि वीरय्याचा फोन, म्हणजे वीज गेली. म्हणजे डिझेलचं इंजिन चालू होत नाहीये. म्हणजे कोळंबी वर आली असणार, पृष्ठभागावर तोंडं काढून, हवेसाठी. त्यांनी फोन कानाला लावला. "वीरय्या! वीरय्या, बोल!"

"चारही चालू आहेत, साहेब," पलीकडून आवाज आला, आणि तोच आवाज गवताच्या गंजीमागूनही आला. मग गंजीमागून तातराजू बाहेर आला, स्वतःचा फोन डोक्यावर नाचवत. कधीतरी गंमत करायची म्हणून सकाळीच त्याने भावाच्या फोनमध्ये आपल्या नंबरला ती धून लावून ठेवली होती.

श्रावणीला आधी हसू फुटलं. मग ऋषीला, आणि एकशे एकवीस पदार्थांवर हसणं सोपं नसतं, त्यामुळे तो पोट धरून भिंतीला टेकला. महालक्ष्मम्माने पदर तोंडावर धरला. अन्नपूर्णम्मा स्टुलासमोर बसून आकडा वाचत होती. "एकशे ब्याऐंशी. एकशे ब्याऐंशी. काही होत नाही. थांबा. एकशे शहाण्णव. अगं बाई. दोनशे नऊ." पाव तासात ती दोनशे सव्वीसवर पोचली होती आणि तिचा आवाज लहान लहान होत गेला होता.

कनकराजूंना मात्र हसू आलं नाही. आपल्या भीतीचा आकडा सगळं घर मोठ्याने वाचतंय याची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

"चेष्टा सुचते तुला?" ते तातराजूवर कडाडले. "तुला! झोपला होतास तू त्या रात्री! पंखे बंद पडले आणि तू झोपला होतास!"

हसणं थांबलं. सहा वर्षांपूर्वीची ती हकिगत घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीही ती मोठ्याने काढत नसे. राखणीला तातराजू होता, डोळा लागला, वीज गेली, आणि सकाळी दोन्ही तळी मेलेल्या कोळंबीने पांढरी झाली होती. त्यानंतर कनकराजूंनी त्याला तळ्याच्या बांधावर पाय ठेवू दिला नव्हता.

"झोपलो होतो," तातराजू म्हणाला. "एक रात्र. पण मी झोपलो म्हणून तू सहा वर्षं झोपला नाहीस? मला मारलं असतंस, अन्नय्या, दोन लाथा घालून मोकळा झाला असतास. तुलाही बरं वाटलं असतं, मलाही."

कनकराजूंनी त्याच्याकडे पाठ केली.

"आणि अक्का, तू," तो बहिणीकडे वळला. आता त्याचा आवाजही चढला होता. "कोळंबी मलूल झाली की आपण काय करतो? चारा कमी करतो. बरोबर. पण त्याच्याही आधी काय करतो?"

"मला काय विचारतोस? माझा नवरा वकील होता."

"हवा देतो! आधी पंखे वाढवतो, मग बाकीचं. आठ महिने तुम्ही सगळ्यांनी ह्याचा चारा कमी केलात. राळे घाल, भात काढ, डबे तपास. ह्या माणसाला हवा कुणी दिली?"

अन्नपूर्णम्मा उत्तर द्यायला पुढे सरसावली.

आणि नादस्वरम वाजलं.

सगळ्यांनी तातराजूकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"वीज गेली, साहेब," फोनवर खरोखरचा वीरय्या सांगत होता. "इंजिन धरत नाहीये. तिसरा आणि चौथा थांबलाय."

कनकराजू खुंटीवरच्या स्कूटरच्या किल्लीकडे धावले. तातराजूही धावला. दोघांचेही हात किल्लीवर पडले आणि कुणीच सोडेना, बासष्ट वर्षांचा एक आणि पन्नाशीचा एक.

"अहो," महालक्ष्मम्मा म्हणाली. "द्या त्याला."

"आणि मेली सगळी तर?"

"तर मेली. सहा वर्षांपूर्वीही मेली होती आणि आपण जिवंत आहोत. तुम्ही आंधळे झालात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून स्वयंपाक करू? द्या."

कनकराजूंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण आपल्या बाजूने बोलेल अशी त्यांना खात्री होती. अन्नपूर्णम्मा पुढे आली, आणि भावाची बोटं किल्लीवरून एकेक करून सोडवायला लागली.

तातराजू लुंगी खोचून स्कूटरवर बसला आणि धुरळा उडवत निघून गेला. कनकराजू बाकावर बसले. त्यांचा एक हात बायकोने धरला, दुसरा बहिणीने. प्रेमाने की उठून पळू नये म्हणून, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. श्रावणी आकडे वाचत होती. दोनशे एकतीस. दोनशे चाळीस. दोनशे चव्वेचाळीस.

"वाचू नकोस गं," कनकराजू म्हणाले.

"नान्ना, तुम्ही श्वास घ्या, मी वाचत नाही."

वीस मिनिटांनी फोन वाजला. तातराजू धापा टाकत होता. "डिझेलच्या नळीत हवा धरली होती. काढली. चारही चालू. कोळंबी खाली गेली. ऐक." आणि तो न सांगताच फोन पाण्याजवळ घेऊन गेला.

कनकराजूंनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "तिसऱ्याचा ऐकव," ते म्हणाले. त्याने ऐकवला. "तात्या," कनकराजू म्हणाले, "जेवलास का नीट?"

"साठाव्या पदार्थापर्यंत पोचलो होतो. माझं ताट झाकून ठेवायला सांग वदिनाला. संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे."

कनकराजूंनी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाकावर जरा पाठ टेकली. ऋषी त्यांना उशी आणायला आत गेला. उशी घेऊन तो परत आला तोवर सासरे घोरत होते.

*

त्या घोरण्याने घर वेडं झालं. मोठ्याने बोलायचं नव्हतं म्हणून सगळे कुजबुजत होते, आणि कुजबुजताना जास्तच हसू येत होतं. झुंज जिंकलेला कोंबडा वाजतगाजत गल्लीतून चालला होता. अन्नपूर्णम्मा अनवाणी रस्त्यावर गेली आणि तिने त्या वरातीला असं धारेवर धरलं की ढोलवाला ढोल पोटाशी धरून, चवड्यांवर चालत पुढे गेला. कोंबडासुद्धा ओरडला नाही.

पावणेचारला स्टुलावरच्या फोनने एकशे एकोणसत्तर दाखवलं.

"खोटं असेल," अन्नपूर्णम्मा कुजबुजली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण एकदम मान्य करणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. "ते चिकटवलेलं यंत्र. बोट टोचून बघा."

ऋषीने जुनं यंत्र काढलं, नवी सुई लावली आणि झोपलेल्या सासऱ्याच्या बोटाला हळूच टोचली. कनकराजू झोपेतच "चौथा?" असं पुटपुटले. एकशे त्र्याहत्तर.

"आता माझं," अन्नपूर्णम्माने बोट पुढे केलं. "मी चौदा पूतरेकू खाल्ल्यात. बघू काय होतं."

एकशे एकोणीस. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईने दोन्ही हात वर करून ओसरीवर एक गिरकी घेतली. मग श्रावणीचं झालं, शहाण्णव. ऋषीचं एकशे सत्तावन्न आल्यावर सगळ्यांनी त्याला चिडवून हैराण केलं. गाडीच्या ड्रायव्हरलाही बोलावलं, तो सुई पाहून पळाला आणि अंगणाला दोन फेऱ्या घातल्यावर सापडला. प्रत्येक वेळी नवी सुई, नवी पट्टी, आणि लिलावाच्या बोलीसारखा कुजबुजत पुकारलेला आकडा.

"अम्मा, तू राहिलीस," श्रावणी म्हणाली.

"माझं काय बघायचं? माझ्या पोटात काही गेलंच नाही अजून. तुमचं सगळ्यांचं झाल्यावर आता बसणार होते." महालक्ष्मम्माने हात पुढे केला तो फक्त खेळ मोडू नये म्हणून. दुसऱ्या हातात जावयाचं उचललेलं पान होतं.

यंत्र पाच सेकंद मोजत राहिलं.

ऋषीने आकडा पुकारला नाही. त्याने पट्टी काढली, दुसरी लावली, पुन्हा टोचलं, पुन्हा पाहिलं. मग यंत्र अन्नपूर्णम्माच्या हातात दिलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

दोनशे सत्त्याण्णव.

"उपाशी?" तिने ऋषीला विचारलं. "उपाशीपोटी एवढी?"

"हो, अत्तागारू."

"किती दिवसांपासून?"

"कुणाला माहीत. कधी बघितलंच नाही."

दोन वाजता स्कूटर ढकलत नेणारा आपला भाऊ अन्नपूर्णम्माला आता दिसत होता, आणि त्याच्या मागे, अंधारात, डोळे मिटून पडलेली ही बाई. तो परत येईपर्यंत जागी. चारला पुन्हा जागी. आणि पाचला चुलीपाशी. आणि आज सकाळी दहा वाजता आपण हिच्या मिरच्यांच्या डब्यात हात घातला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ती नेहमीसारखी रागातच काढली.

"तोंड काय बघताय सगळे? श्रावणी, तुझ्या आईची चार लुगडी काढ. चांगली काढ, ती फाटकी नेसते. डिकी मोकळीच आहे."

"वदिना, असं काय?" महालक्ष्मम्मा हसत म्हणाली. तिला अजून खेळच वाटत होता. "भांडी पडलीत. एकशे एकवीस पदार्थांची भांडी आहेत."

"तीन पुरुष आहेत ह्या घरात. एक झोपलाय, एक तळ्यावर आहे, आणि ह्याने लुंगी नेसलेलीच आहे."

"मी घासतो, अत्तय्या," ऋषी म्हणाला.

"जावई भांडी घासणार? गल्ली काय म्हणेल?"

"गल्लीला मी बघते," अन्नपूर्णम्मा म्हणाली. "तू आधी दोन घास खा. राळ्याचा भात, आणि ते तुझं भयंकर कारलं. मग लगेच माझ्या घरी. उद्या सकाळी नऊला तिथूनच भास्करम डॉक्टर. तीन महिने तू चुलीकडे पाठ करून बसायचंस."

"आणि हे? ह्यांचं पथ्य?"

"लेक आहे आठवडाभर. नंतर तात्या आहे. त्याला आता रात्रीचंही काम मिळालंय." तिने बाकाकडे पाहिलं. "हा माणूस उठल्यावर बायको कुठे म्हणून विचारील. विचारू दे. एकदा तरी विचारू दे."

महालक्ष्मम्मा भात जेवली. निघताना ती बाकापाशी क्षणभर थांबली, नवऱ्याच्या अंगावर पंचा घातला, आणि त्यांना उठवायला हात पुढे केला. मग तिने तो हात मागे घेतला आणि खुदकन हसली, शाळा बुडवून निघालेल्या पोरीसारखी. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना न सांगता घराबाहेर पडत होती.

गच्चीवरच्या बायका बघत होत्या. त्यांनी खूण करून विचारलं, कुठे? महालक्ष्मम्माने गाडीच्या खिडकीतून दोन्ही हात हलवले, म्हणजे मलाच माहीत नाही.

गाडी कालव्याच्या पुलापर्यंत पोचायच्या आत तिचं डोकं नणंदेच्या खांद्यावर कललं. ड्रायव्हरने सवयीने गाणी लावायला हात उचलला, तर मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं गेलं. नरसापूर येईपर्यंत अन्नपूर्णम्मा एक शब्द बोलली नाही, आणि खांदा बधिर झाला तरी तिने तो हलवला नाही.